काना येथील लग्न आणि आपले लग्नघर



नाताळ झाला, तीन राजांचा सण झाला की आपल्या धर्मग्रामात लग्नांची घाई सुरू होते. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागतो. त्याच्या आत जमतील तेवढी लग्ने उरकून घ्यायची ही आपली जुनी रीत. एकेका रविवारी दोन-दोन, तीन-तीन पत्रिका हातात असतात आणि कुठे मिस्साला जायचे, कुठे फक्त रिसेप्शनला तोंड दाखवायचे याचा हिशेब घरोघरी चालू असतो.

आम्ही उभयता गेली काही वर्षे लग्नाच्या तयारीच्या शिबिरात तरुण जोडप्यांशी बोलतो. लग्नसंस्काराविषयी काही विचारायचे असेल तर विचारा, असे म्हटले की सगळे शांत. हॉल किती माणसांचा, प्लेटचा भाव काय, मेनूत किती पदार्थ, हा विषय निघाला की मात्र मागच्या बाकावरचेही बोलू लागतात. पूर्वी आम्हाला याचे वाईट वाटे. आता तसे वाटत नाही. प्रभू येशूने आपले पहिले चिन्ह मंदिरात केले नाही, प्रवचन देताना केले नाही. ते लग्नाच्या जेवणात, पाहुण्यांपुढचे पेय संपले तेव्हा केले. तेव्हा पाहुण्यांच्या पानात काय पडते हा विषय लहान नाही. लग्नघराने पाहुण्यांचे नेमके काय देणे लागते, ते आज शास्त्राच्या आधाराने पाहू या.

योहानलिखित शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय (२:१-११) आपणा सर्वांना पाठ आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली रोझरीत प्रकाशाची रहस्ये घातली, त्यांतले दुसरे रहस्य हेच. त्यामुळे दर गुरुवारी आपण या लग्नाला जाऊन येतो असे म्हणायला हरकत नाही. परंतु पाठ असलेल्या गोष्टीतले बारकावे आपल्या नजरेतून निसटतात.

त्या काळी यहुदी लग्नाचा सोहळा एक दिवसाचा नसे. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवस चालल्याचे शास्ते या पुस्तकात आहे (शास्ते १४). तोबितच्या पुस्तकात तर रगुएलने मुलीच्या लग्नासाठी दोन बैल आणि चार मेंढे कापायला सांगितले, बायकोला भरपूर भाकरी भाजायला लावल्या आणि चौदा दिवस जेवणावळ घातली (तोबित ८:१९-२०). एवढे दिवस गावच्या गाव जेवत असताना द्राक्षारस संपणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे. आणि ती जबाबदारी वराकडची होती. भोजनकारभाऱ्याने चव घेतल्यावर वरालाच बोलावून घेतले, त्यावरून हे कळते.

आता एक गंमत पाहा. येशू त्या लग्नाला एकटा गेला नव्हता, त्याचे शिष्यही बरोबर होते. त्यांनाही आमंत्रण होते असे योहान स्पष्ट लिहितो. पण तोपर्यंत योहानाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या मागे आलेली माणसे मोजली तर पाचेक भरतात, आणि ती नुकतीच, काही दिवसांपूर्वी आलेली! ही पाच पाने वराच्या बापाच्या मूळ यादीत होती की मागाहून वाढली, कोण जाणे. यादीबाहेरचा पाहुणा मांडवात दिसला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्या वेळी हे आठवायला हरकत नाही.

द्राक्षारस संपल्याचे कोणाच्या लक्षात आले? भोजनकारभाऱ्याच्या नाही, वराच्या नाही. पवित्र मरियेच्या. ती व्यासपीठावर नव्हती, ती पाहुण्यांच्या पानांकडे पाहत होती. तिने आरडाओरडा केला नाही, वराच्या आईला दोष दिला नाही. सांगायचे त्याला जाऊन हळूच सांगितले आणि सेवकांना त्याच्या शब्दाप्रमाणे वागायला सांगून बाजूला झाली. मग सहा दगडी रांजण पाण्याने भरले गेले. ते शुद्धीकरणाचे रांजण होते. यहुदी नियमाप्रमाणे दगडाचे भांडे विटाळत नसे म्हणून ते दगडाचे. एकेका रांजणात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावे, म्हणजे सहांत मिळून ५०० ते ७०० लिटर. हे पाणी नळाचे नव्हते, सेवकांनी ते काठोकाठ भरले. लग्नघरात पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही म्हणून जे धावले असतील त्यांना या एका ओळीतले कष्ट कळतील.

पण या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त विचार करायला लावते ते भोजनकारभाऱ्याचे बोलणे. त्याने वराला सांगितले त्याचा भाव असा: लोक चांगले ते आधी वाढतात, पाहुण्यांची जीभ मंदावली की हलक्यातले काढतात, तुम्ही मात्र उत्तम ते आतापर्यंत राखून ठेवले. ही जगाची रीत त्या काळची तशीच आजची. पहिल्या पंगतीला मटणाचे मोठे तुकडे, शेवटच्या पंगतीला रस्सा. कानात मात्र शेवटी जे बसले त्यांना सर्वांत चांगले मिळाले.

हे आम्ही शहाणपणाने शिकलो नाही, फजितीतून शिकलो. आमच्या थोरल्या मुलाचे लग्न २००४ साली घरच्या अंगणातच मांडव घालून केले. आमंत्रणे पाचशे माणसांची, आचाऱ्याला सांगितले साडेपाचशेचे, आणि पाने उठली सहाशेच्या वर. पहिल्या तीन पंगती झोकात झाल्या. इंद्याल, फुगे, पुलाव, कशाला म्हणून कमी नव्हते. चौथ्या पंगतीला इंद्यालाचा टोप खरवडला. त्यानंतर जे उरले होते ते म्हणजे बँडची पोरे, जनरेटरवाला, पाहुण्यांच्या गाड्यांचे दोन ड्रायव्हर, तीन दिवस आमच्याकडे कांदा-लसूण सोलत बसलेल्या शेजारच्या बायका आणि आमच्या एक विधवा काकी. त्या वेळी आम्ही दोघे स्टेजवर उभे राहून फोटो काढून घेत होतो. कुणीतरी येऊन कानात सांगितले, "जेवण संपत आलंय." आम्ही म्हणालो, "आता घरचीच माणसं राहिलीत, भागवून घ्या."

चार दिवसांनी बँडचा ढोलवाला हिशेबाला आला तेव्हा कळले. मांडवात साधा भात आणि लोणचे उरले होते. काकींनी ते पाहिले आणि कुणाला काही न बोलता त्या पोरांना आपल्या घरी नेले, रात्री साडेअकराला स्टो पेटवून अंड्यांच्या पोळ्या करून घातल्या. काकी स्वतः काय जेवल्या ते आम्ही विचारले नाही. विचारायची हिंमत झाली नाही. "घरचीच माणसं" हे शब्द आम्ही किती सहज वापरले! ज्यांनी लग्न उभे केले तीच माणसे आम्ही पाहुण्यांच्या यादीतून वजा केली होती.

कानाच्या गोष्टीत द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला माहीत नव्हते. पाणी काढणाऱ्या सेवकांना माहीत होते, असे योहान मुद्दाम नोंदवतो (२:९). चिन्ह पाहण्याचा पहिला मान वाढप्यांना मिळाला. आपल्या हॉलमध्ये टाय लावून ट्रे फिरवणारी पोरे कुठून आलेली असतात, कधीपासून उभी असतात, रात्री कधी आणि काय खातात? केटररशी बोलताना आपण पनीरचे दोन प्रकार की तीन यावर अर्धा तास घालवतो. वाढणाऱ्यांची, बँडची, डेकोरेशनवाल्यांची, चर्चचे घंटावादक आणि गायकवृंद यांची पाने मोजली आहेत का, हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागते.

श्रीमंतांची खोली, गरिबांचे अंगण

करिंथ शहरातील पहिल्या ख्रिस्ती मंडळीत असाच प्रसंग आला होता. प्रभुभोजनासाठी सगळे एकत्र जमत, पण ज्याचे-त्याने आणलेले आधीच खाऊन टाकले जाई. त्यामुळे कोणी उपाशी राही आणि कोणी पिऊन तर्र होई. संत पौल त्यांना चांगलाच फैलावर घेतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असा त्याचा रोख आहे (१ करिंथ ११:२०-२२). बायबलच्या काही अभ्यासकांनी त्या काळच्या धनिकांच्या घरांची मापे पाहून यावर प्रकाश टाकला आहे. जेवणाच्या खोलीत आडवे पहुडून जेमतेम नऊ-दहा जण जेवू शकत. बाकीचे बाहेरच्या चौकात. मालकाच्या बरोबरीचे मित्र लवकर येऊन आत बसत आणि मजूर, गुलाम काम संपवून उशिरा पोहोचत. म्हणजे भांडण धर्मसिद्धांतावरून नव्हते. कोण कुठे बसले आणि त्याला काय मिळाले यावरून होते.

आपल्याकडच्या रिसेप्शनमध्ये अलीकडे कोपऱ्यात पडदा लावलेला एक कक्ष दिसतो. नगरसेवक, बिल्डर, मुलाच्या ऑफिसचे साहेब त्यात बसतात. त्यांच्या टेबलावर वेगळे मासे येतात. आणि मान्य करायला हवे, आम्हा चर्चच्या कामातल्या मंडळींनाही कधी कधी हाताला धरून तिथे नेतात आणि आम्ही जातो. बाकीचे तीनशे जण हातात प्लेट घेऊन रांगेत. वयोवृद्धांसाठी, अपंगांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी बसायची वेगळी सोय असणे हा भाग निराळा. ती तर असायलाच हवी. पण साहेबांसाठी वेगळे पातेले शिजले तर ते संत याकोबाने अंगठीवाल्या माणसाविषयी जे लिहिले (याकोब २:१-४) त्यातच जमा होते.

प्रभूने तर याहून पुढचे सांगितले आहे. एका परूश्याच्या घरी जेवायला गेला असताना तो यजमानाला म्हणाला की परत बोलावतील अशा मित्रांना, भाऊबंदांना, श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावून काय साधणार. ज्यांना फेडता येणार नाही अशांना बोलाव (लूक १४:१२-१४). आपण हे वचन ऐकतो आणि लग्नात उरलेले जेवण अनाथाश्रमाला पाठवून समाधान मानतो. उरलेले पाठवू नये असे आम्ही म्हणत नाही. अन्न वाया घालवणे हे पापच. मात्र पाठवायचे तर गरम असतानाच, झाकून, त्यांना आधी फोन करून पाठवावे. शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले की त्यात जंतू वाढतात, आणि रात्री एकला पोहोचलेला पुलाव सकाळी मुलांना घालणे हे दान नव्हे. पण मूळ मुद्दा असा की, प्रभूने उरलेले पाठव असे म्हटले नाही. त्याने "बोलाव" म्हटले. तोबितने सणाच्या दिवशी भरलेले ताट समोर पाहिले तेव्हा मुलाला पाठवले: आपल्या लोकांतला कोणी गरीब सापडला तर घेऊन ये, तू येईपर्यंत मी थांबतो (तोबित २:१-२). तो जेवून उरलेले पाठवायला निघाला नव्हता. आपल्या लघु ख्रिस्ती समूहात, गल्लीत, पाड्यावर असे एखादे घर असतेच की ज्याला पत्रिका जात नाही, कारण आहेर काय देणार, कपडे काय घालणार. त्यांना पत्रिका जावी आणि पत्रिकेबरोबर माणूस जावा.

आहेराचे निघाले म्हणून सांगतो. लग्नानंतर पाकिटे फोडताना "चार माणसं जेवली आणि एवढंच?" असे शब्द आपल्या घरांत ऐकू येतात. प्लेटचा भाव एकदा डोक्यात बसला की पाहुणा गिऱ्हाईक होतो. ज्याला जेवू घातले त्याच्याकडून भरपाई मोजायची असेल तर पत्रिकेवर भावच छापावा, निदान फसवणूक तरी होणार नाही.

वेळेवर ताट

अब्राहामाकडे तीन अनोळखी पाहुणे आले तेव्हाचे वर्णन वाचावे (उत्पत्ती १८:१-८). भर दुपार, म्हातारा माणूस, आणि तो धावतो आहे. तंबूत धावत जाऊन साराला पीठ मळायला सांगतो, गुरांकडे धावतो, चांगले कोवळे वासरू निवडतो. दही, दूध आणि मांस पुढे ठेवतो. आणि ते जेवत असताना झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहतो. पंगतीत हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरणारा आपला जुना यजमान याच वंशातला. बुफे आला आणि हा माणूस नाहीसा झाला. बुफे वाईट नाही, माणसांना आपल्या आवडीचे घेता येते, ताटात टाकणेही कमी व्हावे (तसे होत नाही, हे निराळे). पण स्टेजवर अडकलेल्या यजमानाच्या जागी कोणीतरी एक मोठे माणूस, काका म्हणा, मामा म्हणा, जेवणाच्या बाजूला ठेवावे. कोणाला वाढले नाही, कोण कोपऱ्यात बसून राहिले, ते त्याने पाहावे.

आणि वेळ! साडेसातचे आमंत्रण, वधू-वर फोटो काढून येतात सव्वानऊला, मग मार्च, केक, टोस्ट, नाच, आणि जेवण उघडते साडेदहाला. ज्यांनी वेळेवर इन्सुलिन घेतले अशा आजी-आजोबांनी तोवर काय करायचे? औषध घेतल्यावर जेवण लांबले की साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते. आम्ही हे हॉलमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. लोकांना वाटले उकाड्याने झाले. वधू-वर येवोत न येवोत, साडेआठला एका बाजूचे जेवण उघडावे आणि तसे माइकवर सांगावे. यात कोणाचाही अपमान नाही.

शाकाहारी पाहुण्यांविषयीही एवढेच. आपले हिंदू, जैन शेजारी प्रेमाने येतात आणि शेवटच्या टेबलावर डाळ-भात शोधत फिरतात. त्यांचे टेबल वेगळे, डाव वेगळा, आणि कशात काय आहे याची पाटी प्रत्येक भांड्यासमोर. मुस्लिम पाहुणा असेल तर डुकराच्या मांसाच्या भांड्यावर ठळक लिहिलेले असावे. त्याला विचारायची पाळी येऊ नये. आपल्या अन्नाने भावाचा घात करू नकोस असे पौलाने रोमकरांना लिहिले (रोम १४:१५) ते अशाच ताटाविषयी.

दारूचा प्रश्न शिबिरात हमखास येतो: "प्रभूने स्वतः द्राक्षारस केला ना?" केला. पण त्याने कोणाला ग्लास भरभरून आग्रह केल्याचे लिहिलेले नाही. ज्याला मोटारसायकलवरून घरी जायचे आहे त्याला आणखी एक पाजणे हा पाहुणचार नव्हे. त्या पाहुण्याच्या घरी कोणी वाट पाहत असते.

उरला खर्च. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या "आमोरिस लेतिशिया" या पत्रात (क्र. २१२) लग्नाआधीच्या दिवसांत पत्रिका, कपडे, मेजवानी यांतच जोडप्यांची पैशाबरोबर ताकद आणि आनंदही खर्ची पडतो असे लिहिले आहे. खर्चाच्या धाकाने काही जोडपी लग्नच पुढे ढकलत राहतात, हेही त्यांनी नमूद केले आहे. आपल्याकडे वाडीचा तुकडा विकून, पतपेढीचे कर्ज काढून लग्ने होतात आणि पुढची पाच वर्षे हप्ते. आम्हाला विचाराल तर पाहुण्यांना वीस पदार्थ देणे लागत नाही. चार पदार्थ, पोटभर, गरम आणि सर्वांना सारखे. ज्यांना हे जमणार नाही इतकी माणसे बोलावू नयेत. यावर आमच्या घरातही मतभेद आहेत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे आहे की गाव तोडून लग्न करता येत नाही, मग दोनच पदार्थ करा पण सर्वांना बोलवा. हा वाद मिटलेला नाही.

मुलीचे लग्न २०११ साली झाले. या वेळी पत्रिका वाटतानाच प्रत्येक घरी "किती जण याल?" असे विचारून वहीत लिहिले. सुरुवातीला लाज वाटली, पण कोणी राग धरला नाही. आचाऱ्याला सांगताना कामाच्या माणसांची चाळीस पाने वेगळी धरली आणि त्यांचा एक टोप पहिल्या पंगतीआधीच काढून बाजूला झाकून ठेवला, त्यावर धाकट्या दिराला बसवले. बँडची पोरे मिरवणुकीनंतर लगेच जेवली. पदार्थ पाचच होते. एका नातेवाइकाने ते बोलूनही दाखवले.

काकींना साडेआठला पहिल्या पंगतीत वधूच्या आजीशेजारी बसवले. त्या नको-नको म्हणत होत्या, त्यांना सवय नव्हती. जेवून उठल्यावर आम्ही विचारले, "काकी, पोट भरलं का?" तर म्हणाल्या, "भरलं. पण इंद्यालात मीठ कमी आहे, अजून दोन पंगती बसायच्यात, आचाऱ्याला सांगा."